पदक दोन दिवसांचं, काम सात महिन्यांचं: चॅप्लिन एमिल कपॉन यांच्या युद्धसेवेचा प्रकरण अभ्यास

अमेरिकी लष्करातले कॅथलिक धर्मगुरू कॅप्टन एमिल कपॉन यांना ११ एप्रिल २०१३ रोजी मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ देण्यात आलं. शौर्याबद्दलचं हे त्या देशाचं सर्वोच्च पदक. त्याचं मानपत्र वाचलं तर ते १ आणि २ नोव्हेंबर १९५० या दोन दिवसांबद्दल आहे, म्हणजे उत्तर कोरियातल्या उनसानच्या लढाईबद्दल. त्यानंतर २३ मे १९५१ पर्यंत, मृत्यूच्या दिवसापर्यंत, कपॉन युद्धकैदी होते. ते जवळपास सात महिने मानपत्रात येत नाहीत. लष्करी चॅप्लिन, म्हणजे सैन्याबरोबर असणारा धर्मगुरू, युद्धात नेमकं करतो काय, हे समजून घ्यायचं असेल तर आमच्या मते त्या सात महिन्यांकडेच जास्त बारकाईने बघायला हवं. उनसानला त्यांनी जो निर्णय घेतला त्याची किंमत आणि त्याचा उपयोग, दोन्ही कैदेत दिसतात.

मराठी वाचकाला कोरियन युद्धातले कैदी आठवतात ते बहुतेक जनरल एस. पी. पी. थोरात यांच्यामुळे. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांचा ताबा घेण्यासाठी १९५३ मध्ये गेलेल्या भारतीय कस्टोडियन फोर्सचे ते प्रमुख होते. इथलं प्रकरण त्याच्या आधीचं, युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यातलं आहे, आणि कैद्यांचे सर्वांत जास्त मृत्यू त्याच हिवाळ्यात झाले. या युद्धात ७,१४० अमेरिकी सैनिक पकडले गेल्याची नोंद आहे. त्यांपैकी २,७०१ कैदेत मेले, म्हणजे शंभरातले सुमारे ३८.

चॅप्लिनच्या हातात काय असतं

आपल्या सैन्यात धर्मशिक्षक हे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर असतात. अमेरिकी लष्करातला चॅप्लिन मात्र कमिशन्ड अधिकारी असतो; कपॉन कॅप्टन होते. पण हुद्दा असला तरी त्याला हुकूम देण्याचा अधिकार नसतो. तो एका सैनिकालाही ‘हे कर’ असं अधिकाराने सांगू शकत नाही, आणि शस्त्रही बाळगत नाही. बरोबर एक सहायक असतो, बंदूक त्याच्याकडे असते. चर्चने मान्यता दिली तरच नेमणूक होते, त्यामुळे तो दोन संस्थांना बांधलेला असतो.

कॅथलिक चॅप्लिनचं रणभूमीवरचं सामान मोजकंच असतं. मिस्साची, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीची, पेटी, तिच्यात प्याला आणि ताटली, थोडा द्राक्षारस, बेखमीर भाकरीच्या चकत्या, मेणबत्त्या, गळ्यात घालायचा स्टोल, आजाऱ्यांच्या अभ्यंगासाठी पवित्र तेलाची कुपी, प्रार्थनाग्रंथ. त्या काळी सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर धर्माचं एक अक्षर ठोकलेलं असे. ते पाहून बेशुद्ध माणसाला कोणता विधी द्यायचा हे कळायचं. मरणाऱ्याजवळ पोचायचं, पापनिवेदन ऐकायचं किंवा तेवढा वेळ नसेल तर पापमुक्तीचे शब्द उच्चारायचे, अभ्यंग करायचा, आणि नंतर घरच्यांना पत्र लिहायचं. नेमून दिलेलं काम एवढं.

कपॉन त्याच्या पलीकडे गेले ते कोरियात पोचल्यापासूनच. पहिल्या कॅव्हलरी डिव्हिजनबरोबर ते जुलै १९५० मध्ये पोहांगला उतरले. २ ऑगस्टला कुमचोनजवळ एक जखमी सैनिक पुढे अडकलाय आणि त्याला आणायला स्ट्रेचरवाले नाहीत असं कळल्यावर ते एका अधिकाऱ्याला घेऊन गोळीबारातून गेले आणि त्याला घेऊन आले. त्याबद्दल त्यांना ब्राँझ स्टार हे पदक मिळालं. जीप नष्ट झाली तेव्हा ते सायकलवरून तुकड्यांमध्ये फिरत. जीप हाताशी असली की तिच्या बॉनेटवर वेदी मांडून मिस्सा होई. तसं एक छायाचित्र ऑक्टोबर १९५० मधलं आहे, उनसानच्या जेमतेम काही आठवडे आधीचं. त्यांच्यासाठी हा देश नवा असला तरी आशियातलं युद्ध नवं नव्हतं. १९४५-४६ मध्ये ते भारत-ब्रह्मदेश आघाडीवर चॅप्लिन होते आणि आसाममधल्या लेडोच्या बाजूने विखुरलेल्या तुकड्यांपर्यंत जीपने आणि विमानाने पोचत होते. दूर दूर पसरलेल्या माणसांकडे आपण जायचं, त्यांनी आपल्याकडे यायची वाट बघायची नाही, ही सवय तिथली.

आणखी एक गोष्ट या प्रकरणात धर्मशिक्षणाइतकीच महत्त्वाची आहे. कपॉन कॅन्ससमधल्या पिल्सन या छोट्या गावातल्या झेक शेतकरी कुटुंबातले होते. मोडलेलं हाताने दुरुस्त करायचं, असेल त्यातून भांडं-अवजार उभं करायचं हे त्यांना लहानपणापासून येत होतं. छावणीत हे कसब फार कामी आलं.

उनसान, १ व २ नोव्हेंबर

१ नोव्हेंबर म्हणजे सर्व संतांचा सण. आठवी कॅव्हलरी रेजिमेंट उनसानभोवती पसरलेली होती आणि कपॉन ज्या तिसऱ्या बटालियनबरोबर होते ती गावाच्या नैर्ऋत्येला. उत्तर कोरियाच्या मदतीला आलेलं चिनी सैन्य मोठ्या संख्येने आधीच डोंगरांत येऊन बसलं होतं आणि वरच्या मुख्यालयांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. संध्याकाळी हल्ला सुरू झाला, रात्री उशिरा माघारीचा हुकूम आला. तिसरी बटालियन सर्वांत शेवटी निघायची होती. तिच्यावर घाला पडला पहाटे तीनच्या सुमाराला. पुलावरून आलेली एक तुकडी दक्षिण कोरियाची असावी असं समजून पहारेकऱ्यांनी तिला अडवलं नाही. ती थेट बटालियनच्या कमांड पोस्टपर्यंत गेली आणि तिथे हातघाईची लढाई सुरू झाली.

या गोंधळात बटालियनचा आकार विस्कटला. उरलेल्यांनी मिळेल तिथे लहानसं कडं केलं. बरेच जखमी मात्र जुन्या कमांड पोस्टच्या खंदकात होते आणि तो खंदक या नव्या कड्याच्या बाहेर राहिला. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून होतं. मोकळ्या जागेत पडलेल्यांना कपॉन ओढून आणत होते. बटालियनचे डॉक्टर कॅप्टन क्लॅरेन्स अँडरसन जखमींवर उपचार करत होते. ज्यांच्या अंगात बळ होतं त्यांना निघून जाण्याचा हुकूम झाला. कपॉन धडधाकट होते. त्यांनी जायला नकार दिला.

हा निर्णय किती जोखमीचा होता हे समजायला साडेतीन महिन्यांपूर्वीचं एक उदाहरण पुरेसं आहे. १६ जुलै १९५० ला कुम नदीजवळ १९ व्या इन्फन्ट्री रेजिमेंटचे चॅप्लिन हर्मन फेलहोल्टर सुमारे ३० जखमींबरोबर डोंगरावर थांबले होते. वाहून नेणारे थकले, शत्रूचे आवाज जवळ आले, तेव्हा त्यांनी बरोबरच्या डॉक्टरला निघून जायला लावलं आणि स्वतः मागे राहिले. उत्तर कोरियाच्या सैनिकांनी ते जखमी आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे फेलहोल्टर, सगळ्यांना तिथेच गोळ्या घातल्या. दोघांचा निर्णय अगदी सारखा होता. मग उनसानच्या खंदकात वेगळं काय घडलं?

बाकीच्या जखमींमध्ये एक चिनी अधिकारीही पडलेला होता. कपॉन यांनी त्याच्याकडे आणखी एक जखमी म्हणून पाहिलं होतं. चिनी सैनिक खंदकाच्या तोंडाशी येऊन पोचले, तेव्हा त्यांनी त्या अधिकाऱ्याला बाहेरच्यांशी बोलायला राजी केलं आणि शरणागतीची बोलणी झाली. अंधाऱ्या खंदकात लोक दिसले तर सैनिक आधी हातबॉम्ब फेकतो आणि नंतर विचारतो, कारण आत कोण आहे हे त्याला कळत नाही. त्याच्याच भाषेतला, त्याच्याच सैन्यातला अधिकाराचा आवाज आतून आला की तो थांबतो. त्या दिवशी तेवढ्या थांबण्याने कितीतरी जण वाचले.

पकडले गेल्यावर काही मिनिटांतच आणखी एक प्रसंग घडला. सार्जंट हर्बर्ट मिलर यांचा घोटा हातबॉम्बने मोडला होता आणि ते रस्त्याकडेच्या चरात पडले होते. एका चिनी सैनिकाने त्यांच्यावर बंदूक रोखली होती. कपॉन चालत गेले, त्या सैनिकाला हाताने बाजूला सारलं आणि मिलरना उचललं. सैनिकाने गोळी झाडली नाही. मिलर जगले, आणि २०१३ च्या पदकप्रदान समारंभाला हजर होते.

कागदावरचा दर्जा

१९४९ चे जिनिव्हा करार २१ ऑक्टोबर १९५० ला अमलात आले, म्हणजे उनसानच्या अकरा दिवस आधी. पहिल्या कराराचं कलम २४ सांगतं की सैन्याबरोबरच्या चॅप्लिनना सर्व परिस्थितीत संरक्षण आहे. तिसऱ्या कराराच्या कलम ३३ प्रमाणे शत्रूच्या हाती पडलेला चॅप्लिन युद्धकैदी ठरत नाही. कैद्यांना गरज आहे तेवढ्यापुरतं त्याला ठेवून घेता येतं, धर्मकार्य सोडून दुसऱ्या कामाला जुंपता येत नाही, आणि छावणीबाहेर कामावर असलेल्या कैद्यांना भेटण्यासाठी त्याला वाहन मिळालं पाहिजे. कलम ३४ प्रमाणे प्रार्थनेसाठी योग्य जागा, कलम ३५ प्रमाणे चर्चच्या अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार.

यातलं काही म्हणजे काहीच घडलं नाही. करारांना अमेरिकेची सही होती, पण संसदेची मंजुरी १९५५ मध्ये आली. चीनने मंजुरी दिली १९५६ मध्ये. उत्तर कोरियाने आपण तत्त्वं पाळू असं युद्धाच्या सुरुवातीलाच जाहीर केलं होतं, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी कुम नदीवरची ती हत्या झाली. छावणीतल्या प्रशासनाच्या नजरेत चॅप्लिन म्हणजे अंधश्रद्धा पसरवणारा, कैद्यांना कम्युनिस्ट विचार शिकवणाऱ्या राजकीय वर्गांना अडथळा आणणारा माणूस. कपॉन यांना इतर अधिकाऱ्यांबरोबर साधा कैदी म्हणून ठेवलं. प्रार्थनेला बंदी होती. राजकीय व्याख्यानांत ते शांतपणे उलट उत्तर देत. शिक्षा म्हणून त्यांना कपडे काढून तासन् तास थंडीत उभं केलं गेलं.

कैदेकडे जाणारी वाट

कैद्यांचा तांडा चीनच्या सीमेवरच्या यालू नदीच्या दिशेने चालवला गेला, बहुतेक रात्री, कारण दिवसा अमेरिकी विमानं असत. जखमींना वाहून न्यायला पोती आणि झाडाच्या फांद्या यांचे स्ट्रेचर केले होते. एका स्ट्रेचरला साधारण चार माणसं लागतात. बर्फाळ चढावर, उपाशीपोटी, ती चार माणसं थोड्याच अंतरात गळून जातात, म्हणून प्रत्यक्षात आठ लागतात, आळीपाळीने. मागे पडलेल्याचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पकडले गेल्यावर तुकड्या मिसळल्या होत्या. कोण कोणाचा अधिकारी हे उरलं नव्हतं, आणि वरिष्ठांचे हुकूम काही जण सरळ धुडकावत होते.

कपॉन यांना हुकूम देता येतच नव्हता. ते रांगेतून मागेपुढे जात, दांडा स्वतःच्या खांद्यावर घेत आणि मग इतरांना विचारत. मिलरना तर त्यांनी बराच पल्ला स्वतः आधार देत, उचलत नेलं. लष्करी नेतृत्वाचा नेहमीचा पाया, म्हणजे हुद्दा, ढासळल्यावर ज्याचं काम हुद्द्यावर कधीच चाललं नव्हतं तोच माणूस उपयोगी पडला. या प्रकरणातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे, आणि छावणीत ती पुन्हा पुन्हा दिसते.

प्योक्टोंग: माणसं कशाने मरत होती

यालूच्या काठावरचं प्योक्टोंग म्हणजे पुढे ‘कॅम्प ५’ या नावाने ओळखली गेलेली छावणी. त्याआधी काही आठवडे कैद्यांना जवळच्या एका दरीत ठेवलं होतं. मातीच्या लहान खोल्यांत माणसं इतकी दाटीने झोपत की एकाने कूस बदलली तर सगळ्यांना बदलावी लागे. थंडी शून्याच्या खूप खाली. खायला भरड मका आणि राळ्यासारखं बारीक धान्य.

मृत्यूची कारणं एकमेकांत अडकलेली होती, म्हणून नुसत्या ‘उपासमार’ या शब्दाने चित्र कळत नाही. सरपण कमी, म्हणून धान्य अर्धकच्चं शिजे. अर्धकच्चा मका आतड्याला सोसत नाही, हगवण लागते. हगवण लागलेला माणूस रात्रीच्या थंडीत बाहेर जाऊ शकत नाही, कपडे आणि जमीन खराब होते. पाणी दूषित होतं, तेच बाकीचे पितात. अंगात पाणी आणि मीठ उरत नाही, भूक जाते, धान्य घशाखाली उतरत नाही. त्यात उवा. अंगातलं रक्त आधीच कमी, त्यात हजारो उवा पोसायच्या. शेवटी न्यूमोनिया. याच्या जोडीला एक गोष्ट कैदेतल्या डॉक्टरांनी वारंवार पाहिली: विशीतला सैनिक, मोठी जखम नाही, तोंडावर घोंगडी ओढून घेतो, खाणं थांबवतो, बोलणं थांबवतो आणि एकदोन दिवसांत मरतो.

डॉक्टर होते, पण औषधं नव्हती. ही साखळी कुठे तोडता येईल? पाणी, सरपण, मीठ, उवा, आणि ती तोंडावरची घोंगडी. कपॉन यांनी नेमक्या याच जागा धरल्या.

पाणी. छावणीत भांडी नव्हती. पडक्या घरांचे पत्रे होते. कपॉन यांनी दगडाने ठोकून पत्र्याची भांडी केली. पत्र्याचे कोपरे कापले तर सांधा येतो, आणि झाळण नसेल तर तो गळतो; कोपरे न कापता आत दुमडून ठोकले तर भांडं पाणी धरतं. शेतावर वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, काटक्या गोळा करायच्या, पाणी उकळायचं आणि गरम गरम वाटत फिरायचं, हा त्यांचा परिपाठ होता.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एका खोलीत २० माणसं धरली आणि प्रत्येकाला दिवसाला २ लिटर उकळलेलं पाणी द्यायचं ठरवलं तर ४० लिटर. बर्फाइतकं गार पाणी उकळीला न्यायला लिटरमागे सुमारे ४२० किलोज्यूल लागतात, म्हणजे ४० लिटरला साधारण १७ मेगाज्यूल. उघड्या चुलीवर लाकडातली आठवा-दहावा हिस्साच उष्णता भांड्याला मिळते. म्हणजे एका खोलीसाठी रोज ८ ते ११ किलो सुकं सरपण, तेही फक्त पाण्यासाठी. एवढं सरपण मिळणं शक्यच नव्हतं. त्यामुळे उकळलेलं पाणी सगळ्यांना पुरेसं मिळत होतं असं समजू नये. हगवण लागलेल्यांना आधी, जखमा धुवायला थोडं, आणि उरलेल्यांना पहाटे एक घोट, एवढंच त्यातून साधतं. पण हगवण लागलेल्याला स्वच्छ पाणी मिळणं हाच जगण्या-मरण्यातला फरक होता.

अन्न. कपॉन चोऱ्या करत, आणि त्यासाठी पश्चात्तापी चोर संत डिस्मस यांचा धावा करत. पद्धत ठरलेली. शिधा आणायला जाणाऱ्या गटाच्या मागून ते जायचे. पुढचे लोक पहारेकऱ्यांशी मोजमापावरून मोठ्याने वाद घालायचे, तेवढ्यात कपॉन झुडपातून कोठाराकडे सरकून मक्याचं एखादं पोतं पळवायचे. रात्री शेतांतून बटाटे. ते पकडले गेले असते तर सगळ्या गटाला शिक्षा झाली असती, हा धोका खरा होता आणि तो त्यांनी पत्करला.

चोरी इतरही करत होते. काही जण मिळालेलं लपवून ठेवत, आणि त्यातून गटांत वैर वाढत होतं. कपॉन यांनी त्यावर प्रवचन दिलं नाही. आपण आणलेलं सगळं ते सर्वांच्या मध्ये ठेवायचे आणि जे सर्वांना सारखं वाटून खाता येतं त्याबद्दल देवाचे आभार मानायचे. हळूहळू इतरांनीही आणलेलं मध्ये ठेवायला सुरुवात केली. उपाशी गटात वाटणीवरचा विश्वास उडाला की शिधा पुरेसा असूनही दुबळे मरतात, कारण त्यांचा वाटा पोचतच नाही. म्हणून ही प्रार्थना चोरलेल्या मक्याइतकीच मोलाची होती.

कपडे आणि उवा. हगवणीने माखलेले कपडे बर्फाच्या पाण्यात धुणं हे काम कोणी आपणहून करत नाही. कपॉन ते करायचे. ज्यांना हात उचलवत नव्हते त्यांच्या अंगावरच्या उवा ते वेचायचे. दफनाच्या कामाला स्वतः पुढे व्हायचे. कारण मृताची प्रार्थना तर व्हायचीच, पण त्याच्या अंगावरचे कपडेही वाचायचे. ते धुऊन जिवंत माणसाला मिळायचे. स्वतःचं घड्याळ देऊन त्यांनी एक घोंगडी मिळवली आणि ती कापून इतरांना पायमोजे केले. हिमबाधेत आधी पायाची बोटं जातात, आणि ज्याला चालता येत नाही त्याला सरपण आणता येत नाही.

तोंडावरची घोंगडी. अधिकारी आणि साधे सैनिक यांना वेगळं ठेवलेलं होतं. छावणीच्या दृष्टीने हा अत्यंत परिणामकारक उपाय होता. सैनिकांकडे ना अधिकाऱ्यांची शिस्त राहिली, ना आधार, आणि मृत्यू त्यांच्यातच अधिक झाले. कपॉन अधिकाऱ्यांच्या आवारातून लपतछपत खाली सैनिकांच्या खोल्यांत जायचे. एका खोलीत काही मिनिटं: एक छोटी प्रार्थना, थोडा खाऊ, ज्याने हाय खाल्लीय त्याला उठवून बसवणं, ‘देव तुझं भलं करो’, आणि पुढची खोली. कोण प्रॉटेस्टंट, कोण ज्यू, कोण काहीच न मानणारा, हे ते विचारत नसत.

ईस्टर

मिस्साची पेटी उनसानलाच गेली होती. भाकरी नाही, द्राक्षारस नाही; कॅथलिक नियमांप्रमाणे त्यांच्याशिवाय मिस्सा होऊच शकत नाही. शिल्लक होतं ते असं: जांभळा स्टोल, लपवलेला प्रार्थनाग्रंथ, आणि तोंडपाठ असलेलं सगळं. २५ मार्च १९५१ ला, ईस्टरच्या पहाटे, त्यांनी छावणीतल्या एका पडक्या चर्चच्या अवशेषांत कैद्यांना जमवलं. काटक्यांचा क्रूस हातात धरला. स्टोल खरं तर जांभळा, प्रायश्चित्तकाळाचा. ईस्टरला पांढरा लागतो. जो होता तो घातला. वधस्तंभाच्या वाटेची भक्ती झाली, जपमाळ झाली, प्रभूची प्रार्थना गाऊन झाली. पहारेकरी बघत होते. गाणं इतकं मोठ्याने झालं की छावणीच्या दुसऱ्या भागातले कैदीही त्यात सामील झाले.

इतक्या उघडपणे केलेल्या प्रार्थनेवर पहारेकऱ्यांनी लगेच कारवाई का केली नाही? आम्हाला वाटतं, त्याचं कारण संख्या हे आहे. एका खोलीत प्रार्थना घेणारा एकटा माणूस शिक्षेसाठी सोपा असतो. डझनावारी अधिकारी एकत्र गात असताना त्यातल्या एकाला ओढून नेलं तर गोंधळ उसळण्याची भीती असते. हिशेब नंतर चुकता झाला.

शरीर कोसळलं

ईस्टरनंतरच्याच रविवारी प्रार्थना चालू असताना कपॉन कोसळले. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. कमी खाणं, पाण्याची कमतरता, थंडी आणि दाटीवाटीत आखडून झोपणं ही तिची नेहमीची कारणं, आणि ती सगळी हजर होती. कैदी डॉक्टरांकडे गरम शेक आणि पाय उंच ठेवणं एवढेच उपाय होते, आणि त्याने सूज उतरू लागली. मग हगवण आली, मग न्यूमोनिया. त्यातूनही ते सावरत होते, असं बरोबरच्या कैद्यांनी सांगितलं आहे. तेव्हाच पहारेकरी आले आणि त्यांना ‘इस्पितळात’ न्यायचं म्हणाले. त्या जागेला कैदी मरणघर म्हणत. तिथे औषध नव्हतं, शेक देणारे मित्र नव्हते, पाणी आणून देणारं कोणी नव्हतं. अधिकाऱ्यांनी विरोध केला, धक्काबुक्की झाली. कपॉन यांनीच त्यांना थांबवलं, नेणाऱ्यांना क्षमा केली आणि मित्रांच्या खांद्यावरून गेले. २३ मे १९५१ ला त्यांचा मृत्यू झाला. वय ३५.

इथे एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. आपला वाटा, आपले कपडे, आपली झोप देऊन टाकणाऱ्या माणसाचं शरीर आधी मोडणार हे उघड होतं. त्यांनी स्वतःला थोडं राखलं असतं तर आणखी काही महिने उपयोगी पडले असते का? १९५१ च्या उन्हाळ्यापासून छावण्यांतलं अन्न सुधारत गेलं आणि मृत्यूही कमी झाले, त्यामुळे हा प्रश्न निरर्थक नाही. आमचं मत असं की जे डिसेंबर ते मार्चमध्ये वाचले ते त्या उधळपट्टीमुळेच वाचले. माणसं मरत होती ती त्याच महिन्यांत. राखून ठेवलेली ताकद उन्हाळ्यात फारशा कोणाच्या उपयोगी पडली नसती. एक चूक मात्र दाखवता येते: त्यांनी स्वतःच्या पायाचं दुखणं फार उशिरापर्यंत कोणाला जाणवू दिलं नाही.

मागे काय उरलं याची व्यवस्था त्यांनी केलेली होती. प्रार्थनाग्रंथ कॅप्टन राल्फ नार्डेला यांच्याकडे गेला आणि ते प्रार्थना घेत राहिले. धर्मगुरू नसेल तिथे योग्य त्या व्यक्तीने प्रार्थना चालवावी असं तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम ३७ सांगतं. छावणीने ते पाळलं नाही, कैद्यांनी पाळलं. मेजर जेराल्ड फिंक हे ज्यू वैमानिक कपॉन यांना कधी भेटलेही नव्हते. त्यांच्याबद्दल ऐकूनच त्यांनी सरपणाच्या लाकडातून ख्रिस्ताच्या मूर्तीसह एक क्रूस कोरला. १९५३ मध्ये सुटका झालेले कैदी तो क्रूस बरोबर घेऊन आले.

एकाच सेवेची तीन मोजमापं

कैदेतून परतलेल्यांच्या साक्षींमुळे हे प्रकरण आपल्यापर्यंत आलं, आणि त्या साक्षी देणारे सगळ्या पंथांचे होते. लष्कराने १९५१ मध्येच डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस, म्हणजे मेडल ऑफ ऑनरच्या खालोखालचा सन्मान, दिला होता, तोही उनसानबद्दल. मेडल ऑफ ऑनरसाठी कायद्याची मुदत उलटून गेलेली, म्हणून अमेरिकी काँग्रेसला खास सूट द्यावी लागली. पण हे पदक शत्रूशी प्रत्यक्ष लढाई चालू असतानाच्या कृतीसाठी असतं, त्यामुळे मानपत्र मिलरना उचलण्यापाशी थांबतं. भांडी, मका, धुतलेले कपडे या निकषात बसत नाहीत.

अवशेषांची ओळख पटणं हे तिसऱ्याच पद्धतीचं काम. १९५४ मध्ये उत्तर कोरियाने परत केलेल्या मृतदेहांत कपॉन होते, पण नावाविना. ते हवाईतल्या राष्ट्रीय स्मशानभूमीत अनोळखी म्हणून पुरले गेले. मार्च २०२१ मध्ये दातांच्या नोंदी आणि डीएनए जुळवून ओळख निश्चित झाली, आणि त्या वर्षी सप्टेंबरमध्ये कॅन्ससमधल्या विचिटाच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना ठेवण्यात आलं.

चर्चपुढचा प्रश्न लष्करापेक्षा वेगळा होता. त्यांना हुतात्मा ठरवायचं तर श्रद्धेच्या द्वेषातूनच मारलं गेलं हे सिद्ध करावं लागतं, आणि इथे मृत्यू रोगाने झाला, वैद्यकीय मदत नाकारली गेल्याने झाला. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी संतपदाच्या प्रक्रियेत जीवनसमर्पण हा नवा मार्ग आणला: दुसऱ्यांवरच्या प्रेमापोटी, लवकर येऊ घातलेला मृत्यू समजून-उमजून स्वीकारणारी व्यक्ती. या मार्गाने फेब्रुवारी २०२५ मध्ये कपॉन यांना ‘आदरणीय’ घोषित करण्यात आलं. इथे उनसानच्या खंदकाइतकंच प्योक्टोंगच्या खोल्यांनाही वजन मिळालं. ‘धन्य’ या पुढच्या पायरीसाठी त्यांच्या मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार मान्य व्हावा लागतो.